तेल लावून उन्हात ठेवलेली कोंबडी

मी शाळेत विज्ञान शिकवते. घरीही शिकवते, पण तिथे कोणी ऐकत नाही. सासूबाईंच्या तांबड्या कोंबडीच्या बाबतीत मी जो पराक्रम केला तो याच सवयीतून झाला. कोंबडी जगली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच जीव टांगणीला लावू नये. माझी तक्रार माझ्याबद्दल आहे.

अंबरनाथजवळ पालेगावात आमचं बैठं घर आहे. सासरे कारखान्यात होते तेव्हा त्यांनी बांधलेलं, वर सिमेंटची गच्ची, मागे परस. तेव्हा म्हणे दारातून भाताची खाचरं दिसायची. आता तिन्ही बाजूंनी इमारती उभ्या आहेत आणि आमचं घर तोडायचं विसरून गेल्यासारखं दिसतं. परसात सासूबाईंच्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा. सासरे गेल्यापासून सासूबाई सकाळी उठतात त्या कोंबड्यांसाठी. हे माझं निरीक्षण नाही, त्या स्वतःच म्हणतात, "यांना सोडायचं असतं म्हणून उठते. नायतर कुणासाठी उठू?" मी आणि माझा नवरा समोर बसलेले असतानाही हेच म्हणतात.

परसाच्या टोकाला जांभळाचं झाड होतं. मागच्या इमारतीची भिंत सरळ जावी म्हणून ते हिवाळ्यात तोडलं. अर्धं झाड त्यांच्या हद्दीत होतं, त्यामुळे आम्ही थोडी कुरकुर केली आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर जांभळं पडून होणारी चिकचिक आता संपली म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले. त्या झाडाखाली कोंबड्या दुपार काढायच्या, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मार्च संपेपर्यंत काही दिसलं नाही. एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली आणि मी दुपारी घरी असायला लागले, तेव्हा तांबडीची पाठ मला दिसली. ही आमच्या कोंबड्याची लाडकी. तो दिवसातून दहा वेळा तिच्या पाठीवर चढायचा, आणि त्याच्या नखांनी तिची पाठीवरची पिसं झडून हाताच्या तळव्याएवढी जागा उघडी पडली होती. तसं ते जुनंच होतं. पण आता ती जागा लालभडक झाली होती आणि कडेने कातडीचे पापुद्रे सुटत होते.

आधी मला उवांचा संशय आला. सासूबाई इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख मागून आणतात आणि परसातल्या खड्ड्यात मातीत मिसळून ठेवतात. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा धरत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. मी तांबडीला बगलेत धरून पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी, सगळीकडे पाहिलं. एकही ऊ नव्हती. मात्र तिचा तुरा पाहिला आणि मी चमकले. तुऱ्याच्या टोकांवर काळपट तपकिरी खपल्या धरल्या होत्या.

मोबाईलवर शोधायला मला पाच मिनिटं लागली. तुऱ्यावर खपल्या, डासांपासून पसरतो, एकीकडून दुसरीला होतो, आजारी पक्षी ताबडतोब वेगळा ठेवा. कोंबड्यांच्या या रोगाला मराठीत देवी म्हणतात. फोटोसुद्धा हुबेहूब जुळत होता. माणूस एकदा जुळवायला बसला की काय हवं ते जुळतं, पण हे शहाणपण मला नंतर सुचलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना म्हणाले, "आई, तांबडीला देवी झालीय."

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. "काय झालंय?"

"देवी. म्हणजे रोगाचं नाव आहे तसं."

"देवीबिवी काय नाय," त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

इथे मला थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. सासूबाईंच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले. त्यानंतर काही वर्षांनी सासूबाईंना, त्या आठ वर्षांच्या असताना, देवी आल्या. खऱ्या, माणसांच्या. वडिलांनी ना कडुलिंबाचे डहाळे दारात बांधले, ना कोणाला ओटी भरू दिली. त्यांनी डॉक्टर आणला. पोर वाचली, चेहऱ्यावर वण राहिले. पण गावात एकच वाक्य फिरत राहिलं, देवी सोडली म्हणून देवी आली. त्यांच्या लग्नाच्या बोलणीतही ते कोणीतरी काढलं होतं. हे सगळं मला त्यांच्या धाकट्या बहिणीने सांगितलं. सासूबाईंनी स्वतः त्या आजाराचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या म्हणायच्या, "मला फोड आलते तेव्हा."

तर त्यांनी "देवीबिवी काय नाय" म्हटलं तेव्हा मला वाटलं, शब्द लागला. बिचाऱ्यांची जुनी जखम आहे, रोग नाकारतायत. मी अगदी समजुतीचा सूर लावला. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीशी बोलते तो. म्हणाले, "आई, याचा त्या देवीशी काही संबंध नाही. हा विषाणू असतो. डासांमुळे येतो."

"मला नको शिकवू," त्या म्हणाल्या. "देवी कशी असते ते मी बघितलंय. ती अशी एका अंगाला नाय येत. हिचं सगळं वरच्या अंगाला हाय. खाली बघ जरा, काय हाय का?"

आजही हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात सगळं निदान होतं. वरच्या अंगाला आहे, खाली नाही. कोंबडीला उचलून हनुवटीखाली लोंबणारी लाल कातडी पाहिली असती, पोटाकडची उघडी जागा पाहिली असती, तर मलाही दिसलं असतं. पण "देवी कशी असते ते मी बघितलंय" म्हटल्यावर माझे डोळे त्यांच्या चेहऱ्याकडे गेले, वणांकडे. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेत मी ऐकायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळेत जायच्या आधी मी सगळं शास्त्रशुद्ध केलं. तांबडीला वेगळं काढलं. वेगळं ठेवायला जागा कुठे, तर गच्चीवर. तिथे जाळीचा जुना पिंजरा होता. उघड्या पाठीला आणि तुऱ्याला खोबरेल तेलात हळद कालवून लावली, चांगली चोपडून. आणि पिंजरा मुद्दाम भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवला, कारण सूर्यप्रकाशात जंतू मरतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरतात, तेही कुठेतरी डोक्यात असणार. फक्त एप्रिलमधलं अंबरनाथचं ऊन साडेआठनंतर कोवळं राहत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी स्टाफरूममध्ये बसून आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. "आमच्या एका कोंबडीला देवी हा रोग झाला आहे. तिला विलग ठेवले आहे. माणसांना धोका नाही. काळजी नसावी." खाली नाव लिहून कंसात विज्ञान शिक्षिका. जबाबदार नागरिक म्हणून मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी मागच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांची खिडकी आमच्या परसावर उघडते. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना. बाई भांडायला आल्या नव्हत्या, घाबरून आल्या होत्या.

"मॅडम, प्लीज राग मानू नका. पण घरात डिलिव्हरीची मुलगी आहे. मच्छर तर येतातच ना खिडकीतून?"

"अहो, हा माणसांना होतच नाही," मी म्हणाले.

"पण देवी म्हणून तुम्हीच लिहिलंय ना? दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. टीचर आहात, म्हणून तर टेन्शन आलं. माझी सासू कालपासून घरात फोडणी देऊ देत नाहीये."

घरात देवी आली की फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, ही जुनी रीत. दुसऱ्या मजल्यावर माझ्या मेसेजमुळे तीन वेळचं बिनफोडणीचं वरण शिजलं होतं. दुसऱ्या वेळी मला हसू आलं असतं. पण बाईंचे डोळे भरले होते, आणि कोंबड्या हलवायला नाही म्हटलं तर त्या नगरपरिषदेत अर्ज करणार हेही त्यांनी हळूच सांगितलं. मी म्हणाले, "ठीक आहे. रविवारी सगळ्या कोंबड्या देऊन टाकतो."

सगळ्या. चार कोंबड्या आणि कोंबडा. सासूबाई आत होत्या, त्यांना मी विचारलंही नाही. बाई गेल्यावर सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुणाला देणार?"

"चौकातल्या चिकनवाल्याला विचारते."

त्या कोंबड्या झाकायला परसात गेल्या. रात्री जेवायला बसल्या नाहीत, पोट भरलंय म्हणाल्या. नवरा कारखान्यातून फोनवर म्हणाला, "तू ठरवलंयस ना, मग मला कशाला विचारतेस?" माझ्या घरातली माणसं माझ्याशी अशीच वाद घालतात.

शनिवारी मी साडेबाराला घरी आले. दार उघडं, घरात कोणी नाही. परसात तीन कोंबड्या पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, पंख अंगापासून लांब धरून, चोची उघड्या. त्यांच्याकडे पाहूनसुद्धा माझी ट्यूब पेटली नाही. सासूबाईंना हाका मारत मी गच्चीवर गेले.

त्या पिंजऱ्याजवळ उकिडव्या बसल्या होत्या. हातात छत्री होती आणि ती पिंजऱ्यावर धरलेली होती. स्वतः पूर्ण उन्हात. पदर डोक्यावर घेतलेला, चेहरा घामाने निथळलेला. चप्पल नव्हती, पायाखाली गोणपाट टाकलेलं.

मी ओरडलेच. "आई, काय हे! ऊन लागेल ना तुम्हाला!"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आणि तिला नाय लागत?"

मी पिंजऱ्यात पाहिलं. तांबडी एका कुशीवर कलली होती. पाठीवर फोड आले होते, पाण्याने भरलेले, आणि हळदीच्या तेलाने ती जागा चकाकत होती. सकाळी मी नव्याने तेल लावलं होतं, रोजच्यासारखं. सासूबाई दोन दिवस मी शाळेत गेले की छत्री घेऊन वर येत होत्या आणि मी यायच्या आत खाली जात होत्या. त्या दिवशी मी लवकर आले म्हणून दिसल्या. पिंजरा सावलीत का सरकवला नाही, असं मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "तू ठेवलावतास तिथं. पुन्हा म्हणशील, आईंना काय कळतं."

मला तिथेच रडू फुटलं. मी कोंबडीला उचललं आणि त्यांना हाताला धरून खाली आणलं.

पाच मिनिटांत आम्ही रिक्षात होतो. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनच्या पलीकडे जनावरांच्या एक डॉक्टर बसतात. बहुतेक कुत्री आणि मांजरं येतात तिथे. बाकावर एक पांढरा, केसाळ कुत्रा वातानुकूलित गाडीतून उतरून आलेला, आणि त्याच्या शेजारी सासूबाई, मांडीवर ओल्या पंच्यात गुंडाळलेली कोंबडी. कुत्र्याच्या मालकिणीने पाय आखडून घेतले. सासूबाईंनी घेतले नाहीत.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तांबडीला उलटं केलं, हनुवटीखालची कातडी पाहिली, डोळ्याच्या पापण्या पाहिल्या, चोच उघडून आत पाहिलं, पोट पाहिलं. मग विचारलं, "हिला उन्हात ठेवलं होतं का?"

मी हो म्हणाले.

"देवी असती तर पापण्यांवर, खालच्या बाजूला, कुठेही गाठी दिसल्या असत्या. इथे जिथे ऊन पडतं तिथेच झालंय. हे सनबर्न आहे. माणसाची कातडी भाजते तशी. पिसं हाच त्यांचा कपडा असतो, तो गेला की संपलं. आणि हे तेल कोणी लावलं?"

सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "घरातच लावलं."

गार पाण्याच्या पट्ट्या, एक मलम, सावली, आणि तिला पिसं येईपर्यंत कोंबड्याला वेगळं ठेवायचं. एवढंच औषध. परत येताना मी रिक्षा उल्हासनगरला वळवायला लावली आणि बाजारातून हिरवी जाळी घेतली. दुकानदार म्हणाला, "दीदी, पचास परसेंटवाला मत लो, छाँव नहीं पड़ेगा. पचहत्तरवाला लो." मी निमूट पचहत्तरवाली घेतली. त्या दिवशी मला कोणीही काहीही शिकवलं असतं तरी मी ऐकलं असतं.

संध्याकाळपर्यंत परसावर जाळी बांधून झाली. सासूबाईंनी जुन्या सुती ब्लाऊजचं कापड कापून तांबडीच्या पाठीला एक झूल शिवली, पंखांखालून इलॅस्टिक घातलेली. ती घालून तांबडी मोरीत बसली आणि बऱ्याच वेळाने दोन घोट पाणी प्यायली. सासूबाई तिच्याशी काहीतरी पुटपुटत होत्या. रात्री त्या जेवल्या.

रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. कोंबड्या अजून परसात दिसत होत्या, म्हणून विचारायला. मी रात्रभर वाक्य तयार करून ठेवलं होतं. देवी नव्हती, माझी चूक झाली, मी न बघता लिहिलं. सोपं वाक्य. मी अर्धं म्हटलंही. "डॉक्टरला दाखवलं. देवी नाहीये, ऊन लागलंय. जाळी बांधलीय आता."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग त्यांनी विचारलं, "मग देवी म्हणून ठरवलं कोणी?"

त्यांची पुतणी माझ्या वर्गात आहे. नववीत. फार प्रश्न विचारणारी. माझ्या डोळ्यांपुढे तीच आली. वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्या तोंडातच राहिला. फार तर दोन क्षण गेले असतील.

"मी म्हटलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "खपल्या बघितल्या आन् मला वाटलं, देवीच. मीच हिच्या मागं लागले, लिही म्हणून."

बाई हसल्या. चांगल्या मनानेच हसल्या. "काय आजी! तुमच्यात तर देवी मानत नाहीत ना?"

"नाय मानत," सासूबाई म्हणाल्या. "पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातून जुनं जात नाय, बाय."

"जाऊ दे, आजी. राहू देत कोंबड्या. डॉक्टरनी सांगितलंय ना, मग झालं."

बाई गेल्या. कोंबड्या राहिल्या. मी सासूबाईंकडे वळले. मला खूप काही बोलायचं होतं आणि तोंडातून फक्त "आई, तुम्ही असं का सांगितलंत?" एवढंच आलं.

त्या परसाकडे जायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "तुला उद्या शाळेत पोरांपुढं उभं ऱ्हायचंय. मला कुठं उभं ऱ्हायचंय?"

संध्याकाळी त्या बाईंनी ग्रुपवर लिहिलं. "सर्वांना कळवते, देवी नव्हती. कोंबडीला ऊन लागले होते. आजींचा जुना समज, बाकी काही नाही." खाली हसरे चेहरे आले, जोडलेले हात आले, कोणीतरी लिहिलं, "जुन्या लोकांचं असंच असतं." मी ते सगळं वाचलं. सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. आणि त्याच्याखाली मी काही लिहिलंही नाही.